अफगाणिस्तान : आधी युद्ध, मग त्याची कारणं

अमेरिका अफगाणिस्तानात वीस वर्षं नेमकी कशासाठी होती हा वाद काबूल पडल्यापासून चालूच आहे आणि दर वेळी गाडी त्याच दोन रुळांवर येते. एक गट म्हणतो हेतू चांगलेच होते, दहशतवाद संपवायचा होता, मुलींना शाळेत घालायचं होतं, लोकशाही रुजवायची होती, फक्त शेवटी बायडनने घोळ घातला. दुसरा गट म्हणतो हे सगळं ढोंग, खरा डाव खनिजांचा होता, गॅस पाइपलाइनचा होता, अफूचा होता, नाहीतर चीन आणि इराणच्या उशाशी तळ ठोकून बसायचा होता. भांडण जोरात असतं, पण गंमत बघा, दोघांचं एका गोष्टीवर एकमत आहे. एवढं मोठं युद्ध एवढी वर्षं चाललं म्हणजे कुणाच्यातरी डोक्यात एक पक्का हेतू असणारच, असं दोघंही धरून चालतात, मग एकाला तो उदात्त दिसतो आणि दुसऱ्याला काळा. मला हेच पटत नाही. माझं म्हणणं असं की पहिले काही महिने सोडले तर या युद्धाला एक असा हेतू नव्हताच. युद्ध चालू होतं आणि ते चालू ठेवायला दर दोन-चार वर्षांनी नवीन हेतू लागत होता, तो शोधला जात होता. वरातीमागून घोडं म्हणतात तसं.

क्रम नुसता लावून बघितला तरी लक्षात येतं. ११ सप्टेंबर २००१ ला हल्ला झाला, तीन दिवसांत अमेरिकन संसदेने बळ वापरायचा ठराव मंजूर केला, सिनेटमध्ये ९८ विरुद्ध शून्य आणि प्रतिनिधीगृहात ४२० विरुद्ध एक. तो एक विरोध कॅलिफोर्नियाच्या बार्बरा ली यांचा. बाहेर पडायचा मार्ग नाही, नेमकं लक्ष्य नाही, अशा अमर्याद युद्धात शिरू नका एवढंच त्या म्हणत होत्या आणि त्याबद्दल त्यांना गद्दार ठरवलं गेलं, जिवे मारायच्या धमक्या आल्या. ठरावाचं मुख्य वाक्य फक्त ६० इंग्रजी शब्दांचं आहे, त्यात कुठल्या देशाचं नाव नाही, मुदत नाही, काम संपलं हे कधी म्हणायचं तेही नाही. ७ ऑक्टोबरला बॉम्बहल्ले सुरू झाले तेव्हा हेतू होता लादेन आणि अल-कायदा. नोव्हेंबरच्या मध्यावर काबूल हातात आलं आणि त्याच आठवड्यात राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या पत्नी लॉरा बुश रेडिओवर आल्या, म्हणाल्या की दहशतवादाविरुद्धची लढाई ही स्त्रियांच्या हक्कांची आणि प्रतिष्ठेचीही लढाई आहे. एप्रिल २००२ मध्ये धाकट्या बुशनी थेट मार्शल प्लॅनची, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर युरोप उभा करायला अमेरिकेने दिलेल्या मदतीची आठवण काढली, म्हणजे आता देश उभा करायचा होता. २००९ मध्ये ओबामा आले, ३० हजार जादा सैनिक पाठवले आणि हेतू पुन्हा अल-कायदावर आणला. २०१७ मध्ये ट्रम्प म्हणाले आम्ही राष्ट्रं उभारत नाही, दहशतवादी मारतो. आणि १६ ऑगस्ट २०२१ ला, काबूल पडल्याच्या दुसऱ्या दिवशी, बायडन म्हणाले की राष्ट्रउभारणी हे आमचं काम कधीच नव्हतं. कधीच नव्हतं! मग पुनर्बांधणीच्या नावाखाली जे साधारण १४५ अब्ज डॉलर गेले ते काय होतं?

यावर पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. परिस्थिती बदलली की हेतू बदलणारच, दुसऱ्या महायुद्धात तरी सगळं पहिल्या दिवशी ठरलं होतं का? आणि सुरुवात काही बनावट नव्हती, जवळजवळ तीन हजार माणसं मेली होती, लादेन अफगाणिस्तानातच होता, तालिबान त्याला द्यायला तयार नव्हते, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनेही दुसऱ्याच दिवशी स्वसंरक्षणाचा हक्क मान्य केला होता. हे सगळं मला मान्य आहे. इराकसारखी ही खोट्या शस्त्रसाठ्यावर उभी केलेली गोष्ट नव्हती आणि जे लोक दोन्ही युद्धं एकाच पोत्यात घालतात ते स्वतःच्याच मुद्द्याचं नुकसान करतात. पण हेतू बदलला की जुन्याचा हिशोब द्यावा लागतो. झाला का पूर्ण? नाही झाला तर का नाही? इथे तो कधीच दिला गेला नाही. डिसेंबर २००१ मध्ये तोरा बोराच्या डोंगरातून लादेन निसटला. त्याच महिन्यात कंदाहारला तालिबानचे म्होरके शरण यायची बोलणी करत होते, त्यांचा प्रमुख मुल्ला ओमरला मानाने राहू द्या एवढी त्यांची अट होती, ती अमेरिकेचे संरक्षणमंत्री रम्सफेल्डनी उडवून लावली. जर्मनीत बॉनला नव्या सरकारची जुळवाजुळव झाली त्यात तालिबानला बोलावलंच नाही आणि संयुक्त राष्ट्रांतर्फे ती बैठक चालवणाऱ्या लखदर ब्राहिमींनीच पुढे हे चुकलं असं सांगितलं. म्हणजे मूळ शत्रू पळाला होता, दुसरा गुडघ्यावर आला होता आणि नेमक्या त्याच वेळी युद्ध संपवण्याऐवजी त्याला नवीन काम दिलं गेलं. २००२ च्या शेवटी तिथे दहा हजारांच्या आसपास अमेरिकन सैनिक होते, २०१० पर्यंत ते लाखाच्या घरात गेले. आणि त्याच २०१० मध्ये सीआयएचे प्रमुख लिओन पनेटा टीव्हीवर सांगत होते की अफगाणिस्तानात अल-कायदाची माणसं असतील पन्नास ते शंभर, कदाचित त्याहून कमीच. शंभर माणसांसाठी एक लाख सैनिक? मग उरलेले कुणाशी लढत होते आणि कुठल्या हेतूने?

याच देशात हे आधीही घडलंय. १८३८ मध्ये गव्हर्नर जनरल ऑकलंडने सिमल्याहून जाहीरनामा काढला. इराणने पश्चिम अफगाणिस्तानातल्या हेरात शहराला वेढा घातलाय, त्यामागे रशिया आहे, हिंदुस्थानला धोका आहे, म्हणून काबूलचा अमीर दोस्त मोहम्मदला काढून जुना पदच्युत राजा शाह शुजाला काबूलच्या गादीवर बसवायचं, तो स्थिर झाला की ब्रिटिश फौज परत येईल, असं त्यात छान लिहिलं होतं. पण फौज निघायच्या आधीच इराणने हेरातचा वेढा उठवला होता! कारणच संपलं. ती बातमी पोचल्यावर ऑकलंडने काय केलं, तर नोव्हेंबरमध्ये आणखी एक हुकूम काढून सांगितलं की मोहीम होणारच. फौज जमवलेली, शुजाला शब्द दिलेला, आता मागे कसं फिरायचं? मुंबई इलाख्याचं सैन्यही त्यात होतं. पुढचं बऱ्याच जणांना माहीत असतं, जानेवारी १८४२ मध्ये काबूलहून साधारण साडेसोळा हजार माणसं निघाली आणि बहुतेक सगळी वाटेत मारली किंवा पकडली गेली, १३ तारखेला घायाळ डॉक्टर ब्रायडन तेवढा घोड्यावरून जलालाबादला पोचला. पुढच्या वर्षी दोस्त मोहम्मद पुन्हा गादीवर. पण मला त्यातली सगळ्यात बोलकी गोष्ट वेगळीच वाटते. काबूलला ब्रिटिशांचा दूत म्हणून गेलेल्या अलेक्झांडर बर्न्सने दोस्त मोहम्मदशी जुळवून घ्या अशा अर्थाची पत्रं पाठवली होती, ती लंडनला पार्लमेंटपुढे ठेवताना त्यातला नको तो भाग कापून ठेवली. पूर्ण पत्रं छापली गेली १८५९ मध्ये, तोवर बर्न्सला काबूलमध्ये जमावाने ठार मारून अठरा वर्षं झाली होती.

ही काटछाट आपल्या काळात आकड्यांची झाली. २०१९ मध्ये वॉशिंग्टन पोस्टने कोर्टात भांडून मिळवलेल्या सरकारी मुलाखती छापल्या, त्यात बुश आणि ओबामा दोघांच्या काळात व्हाइट हाउसमधून हे युद्ध बघणारे जनरल डग्लस ल्यूट सरळ म्हणतात की आम्हाला अफगाणिस्तान मुळात समजलाच नव्हता, आपण काय करतोय हेच कळत नव्हतं. कॅमेऱ्यासमोर मात्र प्रत्येक सेनापती प्रगती होतेय असंच सांगत होता. जिल्ह्यांचं उदाहरण घ्या. किती जिल्हे सरकारच्या ताब्यात आणि किती तालिबानच्या याचा तक्ता नाटोची तिथली कमांड ठेवायची. आकडे वर्षागणिक वाईट होत गेले आणि २०१९ मध्ये कमांडने तो तक्ता बनवणंच बंद केलं, कारण काय तर निर्णय घ्यायला त्याचा फारसा उपयोग नाही. अफगाण सैन्य कागदावर तीन लाख, त्यात नुसत्या नावापुरते सैनिक किती, ज्यांचा पगार वरच्यावर कुणीतरी खात होतं, बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. त्याच सैन्यासाठी गणवेश निवडला तो दाट जंगलात लपायचा हिरवा नमुना. अफगाणिस्तानात जंगल दोन टक्क्यांच्या थोडं वर आहे! तिथल्या संरक्षणमंत्र्याला तो दिसायला आवडला म्हणून घेतला आणि त्यापायी २.८ कोटी डॉलरपर्यंत जास्तीचे गेले असं पुनर्बांधणीवर नजर ठेवणाऱ्या अमेरिकेच्याच महानिरीक्षकाने लिहून ठेवलंय. इटालियन बनावटीची मालवाहू विमानं घेतली, जवळजवळ ५५ कोटी डॉलरचा कार्यक्रम, त्यातली १६ शेवटी भंगारात गेली आणि हाती आले पन्नास हजारांहूनही कमी डॉलर.

आता दुसऱ्या गटाकडे वळतो, म्हणजे ज्यांना हा सगळा बावळटपणा वरवरचा वाटतो आणि आत काहीतरी थंड डोक्याचा डाव दिसतो. त्यांची शंका समजू शकते, सरकारं खोटं बोलतात आणि इथे तर पुराव्यानिशी बोलली. पण सांगितलेलं कारण खोटं निघालं म्हणून तुम्हाला सुचलेलं कारण आपोआप खरं होत नाही ना. खनिजांसाठी गेले म्हणता, तर २०१० मध्ये पेंटागॉननेच एक ट्रिलियन डॉलरच्या खनिजांचा गाजावाजा केला होता हे खरं, पण वीस वर्षांत अमेरिकन कंपन्यांनी तिथून काय नेलं? मेस आयनकच्या तांब्याच्या खाणीचा करार २००८ मध्ये मिळाला तो चिनी कंपनीला, अमेरिकन सैन्य देशात बसलेलं असताना. तुर्कमेनिस्तानहून येणाऱ्या पाइपलाइनमधून गॅसचा एक फुगाही त्या काळात भरला नाही. अफूचं पीक वाढत गेलं, २०१७ मध्ये ९ हजार टनांचा विक्रम झाला, पण ते थांबवायला अमेरिकेनेच काही अब्ज डॉलर ओतले होते. लुटायला आलेला इतका नुकसानीत कसा जाईल? पैसा केला तो ठेकेदारांनी, शस्त्रं विकणाऱ्यांनी, काबूलच्या वजनदार लोकांनी आणि जनरलपदावरून निवृत्त होऊन कंपन्यांच्या बोर्डावर बसलेल्यांनी. त्यांनी युद्ध सुरू केलं असं म्हणायला आधार नाही, पण ते थांबावं अशी घाई त्यांच्यातल्या कुणालाच नव्हती हे नक्की. आणि थांबवण्यासाठी कुणाचा दबावही नव्हता, कारण सक्तीची भरती नव्हती, युद्धासाठी वेगळा कर नव्हता, सगळं कर्जावर, सामान्य अमेरिकन माणसाला रोजच्या जगण्यात चटकाच बसत नव्हता.

मग युद्ध चालतं कशावर? मला याचं सगळ्यात प्रामाणिक उत्तर व्हिएतनामच्या एका कागदात सापडतं. मार्च १९६५ मध्ये संरक्षण खात्यातले जॉन मॅकनॉटन यांनी संरक्षणमंत्री मॅकनमारांसाठी एक टिपण केलं, त्यात अमेरिकेच्या हेतूंची टक्केवारी मांडली आहे. ७० टक्के, मानहानीकारक पराभव टाळणे. २० टक्के, दक्षिण व्हिएतनाम चीनच्या हाती जाऊ न देणे. १० टक्के, तिथल्या लोकांना अधिक चांगलं आणि मोकळं जगता यावं म्हणून. भाषणांत मात्र हा शेवटचा दहाच शंभर टक्के म्हणून वाजत होता. ते टिपण लोकांना दिसलं १९७१ मध्ये, पेंटागॉन पेपर्स, म्हणजे संरक्षण खात्याची व्हिएतनामवरची गुप्त कागदपत्रं फुटली तेव्हा. यात तेल नाही, खाण नाही, गुप्त कट नाही, फक्त नामुष्की नको. अफगाणिस्तानसाठी अशी टक्केवारी कुणी लिहिली असेल-नसेल, पण २०११ नंतर, म्हणजे लादेन मेल्यानंतर (आणि तो मेला पाकिस्तानात, अबोटाबादला, मूठभर कमांडोंच्या हातून), जी दहा वर्षं काढली त्याचं दुसरं कुठलं स्पष्टीकरण बसतं?

मुलींच्या शिक्षणाचा मुद्दा मात्र असा झटकून टाकता येत नाही आणि जे झटकतात त्यांचा मला राग येतो. तालिबानच्या पहिल्या राजवटीत मुलींना शाळा जवळजवळ बंदच होत्या. पुढच्या वीस वर्षांत लाखो मुली शिकल्या, डॉक्टर झाल्या, वकील झाल्या, संसदेत बसल्या, बाळंतपणात मरणाऱ्या बायका कमी झाल्या. आणि २०२१ नंतर सहावीच्या पुढचे वर्ग बंद, डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठंही बंद. काबूलमध्ये १९ वर्षांची मुलगी घरात बसून आहे तिला तुम्ही सांगणार का की ते युद्ध निरर्थक होतं? तिच्यासाठी ते नव्हतंच निरर्थक. पण प्रश्न युद्धातून काय काय निघालं हा नाही, युद्ध त्यासाठी होतं का हा आहे, आणि ज्याच्यासाठी माणूस खरंच लढतो ते तो सौद्यात सगळ्यात शेवटी सोडतो. अमेरिका आणि तालिबान यांच्यातल्या फेब्रुवारी २०२० च्या दोहा कराराचा मजकूर जेमतेम चार पानांचा आहे. सैन्य कधी निघणार ते त्यात आहे, पाच हजारांपर्यंत तालिबानी कैदी सोडायचे तेही आहे. स्त्रियांबद्दल एक ओळ नाही. अफगाण सरकारला तर टेबलावर जागाच नव्हती. अठरा वर्षं ज्यांच्या नावावर भाषणं झाली त्या सह्यांच्या वेळी कुणाला आठवल्याच नाहीत. शिवाय ही प्रगती सगळीकडे सारखी नव्हती, युनिसेफच्याच २०१८ च्या अहवालात ३७ लाख मुलं शाळेबाहेर होती आणि त्यातल्या ६० टक्के मुली. हेल्मंडसारख्या भागात लढाईच इतकी होती की शाळा उघडणार कुठे. आणि काबूलमध्ये ज्यांना हाताशी धरलं त्यातले कित्येक सरदार नव्वदच्या दशकातल्या यादवीत काबूलची राखरांगोळी करणारे, बायकांच्या बाबतीत त्यांचा लौकिक काही फार उजळ नव्हता.

आणखी एक युक्तिवाद असतो, वीस वर्षांत अफगाणिस्तानातून अमेरिकेवर तसा दुसरा हल्ला झाला नाही, म्हणजे युद्ध यशस्वी. याला पूर्ण खोडून काढता येत नाही कारण न घडलेल्या गोष्टीचा पुरावा द्यायचा कसा. पण अल-जवाहिरीचं बघा. सैन्य परतून वर्षही झालं नव्हतं आणि तो काबूलच्या चांगल्या वस्तीत घराच्या बाल्कनीत उभा असताना ३१ जुलै २०२२ ला ड्रोनने मारला गेला. युद्धाचे समर्थक म्हणतील बघा, तालिबान आले आणि अल-कायदाचा म्होरक्या परतला, आणि ते बरोबर आहे. पण त्याला मारायला अफगाणिस्तानात एकही अमेरिकन सैनिक लागला नाही हेही तितकंच बरोबर आहे. जर हेतू हाच होता, तर तो इतक्या कमीत साधत होता.

हे वाचून अमेरिकेवर टीका केल्याचं समाधान कुणाला मिळत असेल तर जरा थांबा, आपल्याच घरातलं उदाहरण आहे. २९ जुलै १९८७ ला राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला आणि आपली शांतिसेना श्रीलंकेत उतरली. हेतू, तामिळांचं रक्षण आणि शांतता. ऑक्टोबरमध्ये तीच सेना जाफन्यात तामिळ बंडखोरांच्या एलटीटीईशी लढत होती, म्हणजे ज्यांना वाचवायला गेलो त्यांच्याच गल्ल्यांत. मग हेतू झाला एलटीटीईला नि:शस्त्र करणं, मग निवडणुका घेणं, मग वरदराज पेरुमल यांचं प्रांतिक सरकार टिकवणं आणि त्यासाठी पोरांची जबरदस्तीने भरती करून तामिळ नॅशनल आर्मी उभी करणं. प्रेमदासा अध्यक्ष झाल्यावर त्यांनी निघा म्हणून सांगितलं, एवढंच नाही, आपल्या सैन्याशी लढणाऱ्या एलटीटीईला हत्यारंही पुरवली. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली, जवळजवळ १२०० जवान गमावून. पेरुमल भारतात पळून आले आणि ती आर्मी आपली पाठ वळताच कोसळली. काबूल २०२१ बघताना हे किती जणांना आठवलं? याउलट १९७१ ठेवून बघा. तिथेही स्वार्थ होता, पाकिस्तानचे दोन तुकडे होणं आपल्याला हवंच होतं, निव्वळ दयाबुद्धी नव्हती. पण ढाका पडलं की काम संपलं हे सगळ्यांना कळत होतं, निर्वासितांनी परत जायचं आणि सैन्यानेही. १६ डिसेंबरला शरणागती आणि मार्च १९७२ मध्ये ढाक्यात निरोपाची परेड. हेतू किती शुद्ध यापेक्षा तो पूर्ण झाला हे परक्या माणसालाही दिसेल का, हे मी आधी बघेन. विचारायचं तर हे विचारा, आणि पहिल्या महिन्यात विचारा, वीस वर्षांनी नाही.

शेवटचा मुद्दा असा आहे की त्यापुढे भलेभले गप्प बसतात. आता माघार घेतली तर जे गेले त्यांचं बलिदान वाया जाईल. हे वाक्य व्हिएतनाममध्ये होतं, सोव्हिएत सैन्य १९७९ ते १९८९ याच अफगाणिस्तानात अडकलं आणि पंधरा हजारांच्या आसपास पोरं गमावून बसलं तेव्हाही होतं. ज्याचा मुलगा गेलाय त्याच्यासमोर याला उत्तर देणं अवघड आहे आणि मी देणारही नाही. पण सरकारने हे वाक्य वापरलं की त्याचा अर्थ वेगळा होतो, कालचे मेले म्हणून उद्याचे मरू देत, आणि असं म्हणत गेलं तर थांबायची जागाच उरत नाही. आणि यातले ‘जे गेले’ म्हणजे कोण? अमेरिकेचे २४०० च्या वर सैनिक, मित्रदेशांचे ११०० च्या वर. अमेरिकेच्याच महानिरीक्षकाच्या अहवालानुसार अफगाण सैनिक आणि पोलीस मेले किमान ६६ हजार, सामान्य नागरिक ४८ हजारांहून जास्त. बलिदानाच्या त्या भाषणांत ही दुसरी ओळ मला फारशी कधी ऐकू आली नाही. उलट १६ ऑगस्टच्या भाषणात बायडन म्हणाले की अफगाण सैन्य स्वतःसाठी लढायलाच तयार नव्हतं.